सपोर्टमधून डेटाबेसकडे: ७५ हजारांचा क्लास लावू की घरीच शिकू?

स्लो_लोकल | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसताच वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी समीर, २६ वर्षांचा, राहणार डोंबिवली. बीएस्सी आयटी करून गेली तीन वर्षं ऐरोलीत एल-वन सपोर्टला आहे. तिकीट आलं की ठरलेली स्क्रिप्ट चालवायची, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, नाहीच सुटलं तर एल-टूकडे ढकलायचं. तिथले डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) येतात, काळ्या स्क्रीनवर दोन ओळी मारतात आणि अर्धा तास अडकलेलं गाडं सुटतं. काय केलंत म्हणून विचारलं की उत्तर एकच, "अरे, लॉक होतं."

मला त्या खुर्चीत बसायचंय. ठाण्यातल्या एका क्लासने ओरॅकलच्या कोर्सचे ७५ हजार सांगितलेत, वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत. ते देतो म्हणतात, पण त्यांच्या फंडाला हात लावायचं जिवावर येतं. आणि मित्र म्हणतो, क्लाउड आल्यापासून डीबीएचं काम संपलंय, तू पंगत उठल्यावर पान मांडून बसतोयस.

क्लास लावू का? ओरॅकल धरू की पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेसचं कुठलं सॉफ्टवेअर? आणि पंगत खरंच उठलीय का?

कटिंग_चहा | सोमवार, रात्री ११:५८

७५ हजारांत बरा लॅपटॉप येईल आणि वर फर्स्टक्लासचा पासही निघेल. बाकी जाणकार सांगतील. वाचतोय.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:१५

समीर, वयाने निम्मा आहेस म्हणून अरे-तुरे करतो. या धंद्यात १९ वर्षं झाली. पहिली बारा ओरॅकलवर गेली, आता पोस्टग्रेस जास्त. 'शंभर टक्के प्लेसमेंट' दिसलं की जिना उतरायला लागायचं, एवढंच क्लासबद्दल.

आधी ते 'लॉक होतं' समजून घे, म्हणजे त्यातली जादू जाईल. कोणीतरी एक ओळ बदलायला घेतली, अपडेट मारलं, पण कमिट (बदल पक्का) न करताच जेवायला गेला. त्याच ओळीत बदल करायला आलेले बाकीचे आता त्याच्यामागे रांगेत. त्यांनी आधीच आणखी काही ओळी धरून ठेवल्यात, म्हणून त्यांच्याही मागे रांग. डीबीए येतो, रांगेच्या तोंडाशी कोण आहे ते बघतो आणि त्याचं सेशन (डेटाबेसशी चालू असलेली जोडणी) मारतो. पोस्टग्रेसमध्ये हे 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' नावाच्या व्ह्यूत दिसतं, ओरॅकलमध्ये 'व्ही डॉलर सेशन'मध्ये. दोन ओळी कोणीही मारेल. पण तोंडाशी असलेला माणूस जर तासाभराचा बॅच जॉब असेल, तर मारल्यावर ते सगळं काम वाया जाणार, ओरॅकलमध्ये ते उलटं फिरायला किती वेळ लागेल आणि तोवर काय काय थांबेल, हे मारायच्या आधी डोक्यात यावं लागतं. तुझे एल-टूवाले पगार त्याचा घेतात.

ओरॅकल की पोस्टग्रेस? पोस्टग्रेस. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं, मोडलंस तरी कोणी लायसन्स मागायला येत नाही. बर्कलेला स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, १९९६ पासून आजचं नाव. पुढे ओरॅकलवर काम मिळालं तरी शिकलेलं फुकट जात नाही, कारण सगळ्यांचा मूळपुरुष एकच: आयबीएममधल्या कॉड यांचा १९७० चा शोधनिबंध. मी नोकरीला लागल्यापासून किती भाषा आल्या नि गेल्या, सिलेक्ट-फ्रॉम-व्हेअर जागचं हललेलं नाही.

आता कामाचं. तुमच्या गल्लीत गणपतीचं मंडळ असेलच. वर्गणीची एक्सेल कोणाकडे आहे ते शोध. एका ओळीत नाव, खोली, फोन आणि पुढे २०२२, २०२३, २०२४ असे कॉलम असतील. नवं वर्ष, नवा कॉलम. पहिली चूक तिथेच आहे. वर्ष हा कॉलम नव्हे, वर्ष ओळीत येतं. मग स्वतःला विचारत जा: भाडेकरू बदलला पण घर तेच, तर वर्गणी घराची की माणसाची? चेक परत आला तर पावती खोडायची का? (नाही. पावती कधी खोडत नाहीत, रद्द झाल्याची नोंद वेगळी करतात. हे तुमच्या खजिनदारांनाही माहीत असेल, ते तुझ्यापेक्षा चांगले डिझायनर असू शकतात.) फोन दिला नाही म्हणजे नल. नल म्हणजे शून्य नाही आणि रिकामी जागाही नाही. दोन नल सारखे आहेत का विचारलंस तर 'हो'ही येत नाही, 'नाही'ही येत नाही. यावर एक रविवार घालव.

टेबलं झाली की त्यात ३ कोटी खोट्या पावत्या भर. (मंडळाला तेवढ्या खऱ्या मिळोत.) आता क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) रांगायला लागतील. मग इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय) म्हणजे काय ते आपोआप शिकशील.

शेवटी बॅकअप घे, डेटाबेस उडव आणि घड्याळ लावून परत उभा कर. जमलं की इथे येऊन सांग.

अस्सल_मालाडी | मंगळवार, सकाळी ९:४०

काका, राग मानू नका, पण हा सल्ला २००८ सालचा वाटतो. आमच्याकडे सगळं क्लाउडवर आहे. बॅकअप आपोआप, पॅच आपोआप, एक मशीन पडलं तर दुसरं आपोआप उभं. पाच डीबीए होते, आता एक उरलाय. पोराला भलत्या वाटेला लावू नका. सरळ डेटा इंजिनिअरिंग कर म्हणावं.

केळफूल | मंगळवार, दुपारी १:२५

असाच उरलेला एक म्हणजे मी. (मालाडकर, तुमच्या ऑफिसातली नव्हे. पण आमच्याकडेही गणित हेच झालं.)

तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन २०१६ मध्ये आलं. २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा असं रिझर्व्ह बँकेने बजावलं, तेव्हा इथे मशीनं असण्याला आणखीच महत्त्व आलं. त्या काळात आमच्याकडचे जे लोक फक्त इन्स्टॉल, पॅच आणि टेप बदलणं करायचे ते गेले. समीर, तुझा मित्र त्यांच्याबद्दल बोलतोय.

आता उरलेल्या एकाचं काम ऐक. आमच्याकडे रात्री दोनला एक लोड चालतो, साधारण चार लाख नव्या ओळी. सकाळी सातला त्यावर एक रिपोर्ट, दीड मिनिटाचा. एके दिवशी तो पावणेदोन तास चालला. क्लाउडवाल्यांच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं. मीटिंगमध्ये ठरत आलं होतं की मशीन दुप्पट मोठं घ्यायचं, म्हणजे बिलही दुप्पट, दर महिन्याला.

मी एक्सप्लेन ॲनालाइझ काढला, म्हणजे क्वेरी आतून कशी चालली त्याचा तपशील. प्लॅनरचा अंदाज: १ ओळ. प्रत्यक्षात: ४ लाख. झालं असं की प्लॅनर (क्वेरी कुठल्या वाटेने चालवायची ते ठरवणारा) टेबलांच्या आकडेवारीवर चालतो, आणि ती आदल्या दिवशीची होती. आजच्या तारखेच्या ओळी आत आल्यात हे त्याच्या गावीही नव्हतं. एकच ओळ आहे समजून त्याने नेस्टेड लूप निवडला, म्हणजे इकडच्या प्रत्येक ओळीसाठी तिकडच्या टेबलात एक फेरी. घरी आलेल्या एका पाहुण्याला पाणी द्यायला आत एक खेप मारतो, ते ठीक. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक माणसासाठी वेगळी खेप मारली तर? लोडच्या स्क्रिप्टच्या शेवटी आकडेवारी ताजी करणारी ॲनालाइझची एक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी परत दीड मिनिट, मशीन आहे तेच.

मग हा रिपोर्ट रोज का बिघडत नव्हता, हे शोधायला मला पुढचे तीन दिवस लागले. ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी साफसफाई) एरवी मधल्या पाच तासांत येऊन आकडेवारी ताजी करून जायचा. त्या रात्री तो दुसऱ्या एका अवाढव्य टेबलात अडकून पडला होता.

आणखी एक. सध्या लायसन्सचे पैसे वाचवायला ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जायची कामं येतात. टूल टेबलं हलवून देतं. पण ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल, पोस्टग्रेसमध्ये त्या दोन वेगळ्या गोष्टी. ओरॅकलच्या तारखेत वेळही दडलेली असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. असले शंभर काटे हाताने वेचावे लागतात. पंगत उठलेली नाही, वाढपी कमी झालेत.

अस्सल_मालाडी | मंगळवार, दुपारी १:४८

मान्य. आमच्याकडेही गेल्या महिन्यात दोन नंबर मोठं मशीन घेतलं. आता शंका यायला लागली.

जोशीबुवा_घाटकोपर | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

या सगळ्याला आता एआय आहे. क्वेरी मराठीत सांगा, लिहून मिळते. दोन वर्षांनी हा धागा वर काढा.

सातबारा | मंगळवार, रात्री ९:३०

बुवा, मी पवईत मुलाखती घेतो आणि उमेदवाराला एआय वापरू देतो. वर्गणीचंच उदाहरण चाललंय तर तेच घेतो. मी सांगतो, "सगळ्या घरांची यादी द्या, यंदा किती दिले ते पुढे, न दिलेल्यांपुढे शून्य." क्वेरी मिळते, चालते, यादी येते. दिसायला देखणी. फक्त यंदा न दिलेली घरं यादीतून गायब असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी यादी काढली तीच. लेफ्ट जॉइन (पावती नसली तरी घर राखणारी दोन टेबलांची जोडणी) बरोबर केलेला असतो, पण 'वर्ष बरोबर यंदाचं' ही पावत्यांच्या टेबलाची अट खाली व्हेअरमध्ये घातलेली. ज्या घराला पावतीच नाही तिथे वर्ष नल, अट नापास, घर बाद. अट जॉइनच्या ऑनमध्ये हवी. दहापैकी सातजण मला ती यादी 'झालं सर' म्हणून देतात. उरलेले आधी घरं मोजतात. ११२ घरं होती, यादीत ८६ का? मला मोजणारे हवेत.

प्रमाणपत्रांबद्दल: ओसीपी (ओरॅकलचं प्रमाणपत्र) असेल तर बायोडेटा चाळणीतून खाली येत नाही, एवढा उपयोग मोठ्या कंपन्यांत आहे. मुलाखतीत त्याचा मला उपयोग होत नाही. "तुमच्या हातून मोडलेली शेवटची गोष्ट सांगा" हा माझा पहिला प्रश्न असतो. काहीच मोडलं नाही म्हणणाऱ्याला प्रॉडक्शनच्या चाव्या द्यायला भीती वाटते.

अवांतर: पवईच्या आयआयटीतले प्रा. सुदर्शन हे डेटाबेसच्या जगभर चालणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत. आपल्या शहरात बसून लिहिलेला विषय शिकायला ठाण्याला ७५ हजार मोजायचे म्हणजे गंमतच.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे २:५०

सातबारांचा प्रश्न वाचून माझं मोडलेलं सांगतो.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आठवत असेल. मी तेव्हा एका छोट्या कंपनीचा डेटाबेस बघायचो, सर्व्हर त्यांच्याच ऑफिसात, अंधेरीला. यूपीएस अर्धा तास टिकला. जनरेटर सुरूच झाला नाही, लॉकडाऊनपासून कोणी त्याला हात लावला नव्हता. वीज आली, मशीन उठलं, पण एक डिस्क गेली ती गेलीच. मी शांत होतो. रोज रात्री दोनला बॅकअप होता ना!

फोल्डर उघडला. रोजची फाइल हजर, नाव बरोबर, तारीख बरोबर. आकार शून्य. जुलैपासून सगळ्या शून्य. बॅकअपच्या युजरचा पासवर्ड बदलला होता, स्क्रिप्ट रोज नापास होत होती आणि तसा मेलही रोज जात होता, जूनमध्ये राजीनामा देऊन गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये. ती स्क्रिप्ट माझी होती. फाइल आहे का एवढंच ती तपासायची, फाइलमध्ये काही आहे का हे नाही.

तीन महिन्यांचा डेटा कागदी बिलांवरून आणि ग्राहकांच्या मेलवरून परत भरला. चार जणांना सव्वीस दिवस लागले. त्यातली एक बाई पाच महिन्यांची गरोदर होती, ती एक शब्द बोलली नाही, मला तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी बॅकअप झाला का विचारतच नाही, शेवटचा रिस्टोअर कधी केला ते विचारतो. आणि हे फक्त अंधेरीच्या गाळ्यात होतं असं नाही. गिटलॅबने (प्रोग्रॅमर मंडळींचा कोड ठेवणारी कंपनी) ३१ जानेवारी २०१७ ची आपली फजिती स्वतःच जाहीर लिहून ठेवली आहे. इंजिनिअर दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायला गेला, पण तो उभा होता मुख्य सर्व्हरवर. लक्षात येईपर्यंत तीनशे जीबीमधले साडेचारच उरले. पाच प्रकारचे बॅकअप होते, वेळेला एकही धड चालेना. कोणीतरी योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या कॉपीवर निभावलं.

कटिंग_चहा | बुधवार, सकाळी ८:०५

हे वाचून आत्ता लोकलमध्येच आमच्या बॅकअपच्या फाइलींचे आकार मागवलेत. वाचनखूण साठवली.

स्लो_लोकल | सात आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. क्लास लावला नाही. रोज सकाळी दीड तास आणि रविवार.

मंडळाच्या खजिनदार काकांनी एक्सेल दिली, वर पावतीपुस्तकं दाखवून "फाटलेली पावती पण जपून ठेवायची असते रे" हेही सांगितलं. रात्रपाळीकाका म्हणाले तसंच, त्यांना डिझाइन येत होतं.

मग अशा ठिकाणी अडकलो की दोन रात्री झोप नाही. एक कऱ्हाडे कुटुंब यादीत दोनदा येत होतं. नाव तेच, खोली तीच, युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा येऊ न देणारी अट) असून. डोळे फाडून बघितलं, अक्षरन् अक्षर सारखं. शेवटी बाइट्स छापून बघितले तर एकात 'ऱ' हे एक अक्षर होतं आणि दुसऱ्यात साधा 'र' आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं जोडलेली. दिसायला जुळे भाऊ, डेटाबेसच्या लेखी परके. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, त्यातून सगळी नावं काढली, तेव्हा कऱ्हाडे एक झाले, शेजारचे गोऱ्हेही झाले.

रिस्टोअरचं: ३ कोटी ओळी, माझा जुना लॅपटॉप. डंप (बॅकअपची फाइल) ४ मिनिटांत झाला, म्हटलं सोपंय. डेटाबेस उडवला. पहिला रिस्टोअर एररने भरला, 'रोल अस्तित्वात नाही'. एका डेटाबेसच्या डंपमध्ये युजर येत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात, हे उडवल्यानंतर कळलं. दुसऱ्यांदा झालं, पण २२ मिनिटं लागली, कारण डंपमध्ये इंडेक्स नसतो, नुसती त्याची व्याख्या असते, तो नव्याने बांधावा लागतो. आणि उभं राहिल्यावर क्वेरी गोगलगाय. केळफूलताई, तुमचा ॲनालाइझ आठवला!

केळफूल | रविवार, रात्री १०:४१

वा! आता यादीत कोणी वकील आहेत का बघ. 'ॲड.' हे एका अक्षरानेही लिहिता येतं आणि 'अ'वर चंद्र ठेवून 'अॅड.' असंही. तुझं नॉर्मलाइझ हे दोन एक करणार नाही, कारण युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांचं प्रमाण) मते ते सममूल्य नाहीतच. तो बदल आपला आपणच लिहायचा.

स्लो_लोकल | रविवार, रात्री १०:५५

तीन वकील आहेत. त्यातले दोन, म्हणजे एकच. 🤦

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ३:३०

छान. आता पुढचं: तुझा डंप रात्री दोनचा, डेटाबेस मेला संध्याकाळी पाचला. मधले पंधरा तास कुठून आणशील? नुसत्या डंपवरून ते जमत नाही. डेटाच्या फाइलींचा बेस बॅकअप घे, वॉल आर्काइव्हिंग (प्रत्येक बदलाची नोंदवही जपून ठेवणं) लाव आणि चार वाजून छप्पन्न मिनिटांपर्यंत परत आणून दाखव.

केळफूल | सोमवार, दुपारी २:००

आणि एक कोणी बोललं नाही ते. ऑन-कॉल. माझी मुलगी दीड वर्षांची असताना आठवड्याआड रात्रीचे फोन यायचे. नवरा लॅपटॉप उघडून द्यायचा, मी एका हाताने टाइप करायची. धागा वाचणाऱ्या मुलींसाठी: २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामाला बोलवायचं तर तुमची संमती लागते. ऑफर घेतानाच रोटेशन (रात्रीच्या फोनची आळीपाळी) किती जणांत आहे ते विचारा. दोघांत असेल तर पगार कितीही असो, वर्षभरात माणूस पिकतो. पाच-सहा जणांत असेल तर निभतं.

स्लो_लोकल | आणखी तीन महिन्यांनी, गुरुवार, रात्री ११:३०

एल-टूच्या डीबीए टीममध्ये आतल्या आत बदली मिळाली. पगारात फार फरक नाही, रोटेशन पाच जणांत (विचारलं!). मुलाखतीत मोडलेली गोष्ट विचारली, कऱ्हाड्यांची सांगितली. बाबांनी फंडातल्या पैशांचं विचारलं, म्हटलं राहू द्या.

या शनिवारी रात्री आमची डीआर ड्रिल आहे, म्हणजे मुख्य साइट बंद पडली तर वापरायच्या पर्यायी साइटची रंगीत तालीम. मुख्य साइटवरून डीआरवर जायचं, दोन तास तिथून चालवायचं, परत यायचं. मला फक्त तीन पायऱ्या दिल्यात, पण त्यातली एक जुन्या स्टँडबायचा (राखीव सर्व्हरचा) डेटा पुसायची आहे. पोटात गोळा आलाय. नुसती ड्रिल आहे, तरी.

सातबारा | गुरुवार, रात्री ११:४४

नुसती कसली. २ मार्च २०२४ च्या शनिवारी एनएसई, बीएसईने डीआरवरून खरा बाजार चालवला होता, खऱ्या सौद्यांसकट. तुझीही तशीच समज.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ३:०५

तिन्ही पायऱ्या कागदावर लिहून ने. स्क्रीनवर नको, कागदावर. पुसायच्या पायरीच्या वर सर्व्हरचं नाव ठळक लिही, आणि एंटर मारायच्या आधी होस्टनेम (आपण ज्या सर्व्हरवर आहोत त्याचं नाव) काढून शेजारच्याला मोठ्याने वाचायला सांग. तू वाचू नकोस, तुला जे हवंय तेच दिसेल.

स्लो_लोकल | रविवार, पहाटे ४:४०

शेजारच्याने वाचलं. टर्मिनल मुख्य सर्व्हरचं होतं.

बंद केलं, दुसरं उघडलं, परत वाचून घेतलं, मग पुसलं. ड्रिल पावणेचारला संपली. आता ऐरोली स्टेशनवर बसलोय, पहिल्या ट्रेनची वाट बघत. हात अजून थरथरतायत.

रात्रपाळी | रविवार, पहाटे ४:४३

चहा पी. बिस्किट बुडवून खा. घरी पोचलास की टाक इथे.